ब्रेडालचं तापमान

माझा नवरा ऑर्लिन साधी घडीची खुर्ची घ्यायची म्हटली तरी आठ दिवस घालवतो. उलटी करून बघतो, पालथी करून बघतो, बसून बघतो, आणि शेवटी ‘जुनीच बरी होती’ म्हणत घरी येतो. त्यामुळे टीव्हीची डिश घ्यायची म्हटल्यावर काय तमाशा होणार याचा मला अंदाज होता. त्या तमाशात मी गप्प उभी राहीन, हा अंदाज मात्र नव्हता.

ते आमचं गाडीतलं पहिलंच वर्ष. चार वर्षांपूर्वी शेत विकलं होतं, त्या उन्हाळ्यात गावातलं छोटं घरही विकलं, आणि पस्तीस फुटी मोटारघर घेऊन आम्ही दोघं नॉर्थ डाकोटातून निघालो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात पोचलो. थंडीला कंटाळलेली आमच्यासारखी शेकडो म्हातारी माणसं तिथे गाड्या लावून हिवाळा काढतात. ऊन, पत्ते, गुडघ्यांच्या गप्पा. सगळं होतं. फक्त सहाच्या बातम्या नव्हत्या. गावाकडे छपरावरचा साधा अँटेना पुरायचा. इथे दीड हजार मैलांवर तो काय करणार?

सहाच्या बातम्यांचं आम्हाला काय एवढं, ते आधी सांगते. त्या बातम्यांत हवामान सांगायची ती आमची मुलगी, रिने. एकुलती एक.

ऑर्लिन तीस वर्षं त्या चॅनेलचा हवामान निरीक्षक होता. पगार नाही, मानधन नाही. खेडोपाडी असे पन्नासेक शेतकरी होते. रोज दुपारी फोन करून आपापल्याकडचं तापमान, वारा आणि पाऊस कळवायचे. प्रत्येकाला एक नंबर. ऑर्लिनचा एक्केचाळीस. आमच्या दूधघराच्या उत्तरेच्या भिंतीवर थर्मामीटर होता. सहा वर्षांची रिने बादली पालथी घालून तिच्यावर चढायची आणि आकडा ओरडून सांगायची. हा आतून फोन फिरवायचा. एकदा हिवाळ्यात तिने नाक भिंतीला लावलं आणि कातडी तिथेच चिकटली, तरी आकडा सांगितल्याशिवाय रडली नाही. हवामानवाली होणार हे त्या नाकावर लिहिलेलंच होतं.

तिचं लग्न लाइलशी झालं होतं. लाइल ऑर्लिनबरोबर आमचंच शेत करायचा. पुढे ते लग्न मोडलं, लाइल निघून गेला, आणि ऑर्लिनचे गुडघे एकट्याला पुरे पडेनात. लिलावाच्या दिवशी अंगणात सगळा तालुका जमला होता. ट्रॅक्टर रांगेने उभे होते. तेवढ्या लोकांदेखत ऑर्लिन रिनेला म्हणाला, “तू त्याला सोडलं नसतंस तर आज हे असे उभे नसते.”

“मी नवरा सोडला, डॅड,” ती म्हणाली. “शेत तुम्ही सोडताय.”

झालं. त्यानंतर चार वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. दोघांची हनुवटी एकसारखी आहे आणि डोकंही. मी मध्ये पडून पाहिलं, रडून पाहिलं, दोन नाताळ एकटीने तिच्याकडे जाऊन आले. दगडावर पाणी.

पण सहा वाजले की ऑर्लिन टीव्हीसमोर असायचा. “हवामान बघतोय,” म्हणायचा, जणू अजून गहू कापायचा होता. आणि रिने सगळ्या राज्याची तापमानं सांगून झाली की सर्वांत शेवटी म्हणायची, “आणि ब्रेडाल.” ब्रेडाल म्हणजे आमचं गाव. वस्ती चौदा, त्यातली तिघं हिवाळ्यात नसतात. आम्ही शेत सोडल्यावर तिथल्या धान्यकोठीवरच्या व्हर्जिलला गळ घालून ती रोज आकडा मागवायची. ब्रेडालचं तापमान कुणाला हवंय, म्हणून तिचे साहेब वैतागायचे. ती ऐकायची नाही. “आणि ब्रेडाल, शून्याखाली बारा,” ती म्हणायची, आणि इकडे खुर्चीतून ऑर्लिन म्हणायचा, “हं.”

बापलेकीचं चार वर्षांतलं बोलणं ते एवढंच. पण रोज होत होतं. मी त्या ‘हं’वर जगत होते, खोटं कशाला सांगू.

तर डिश. आमच्या पार्कात, म्हणजे त्या गाड्यांच्या तळावर, एलरॉय नावाचा माँटानाचा माणूस होता, जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेला; आता दोन्ही कंपन्यांच्या डिश तोच विकायचा. कुणालाही डिश घ्यायची असली की आधी त्याच्या छत्रीखालच्या टेबलाशी कॉफी घ्यायची, हा तिथला रिवाज. ऑर्लिन तीन दिवस त्याच्या टेबलाशी बसला. छपरावर बसवायची की तिपाईवरची? छपरावरची आपली आपण दिशा शोधते. पण गाडी झाडाखाली लागली की आंधळी. तिपाईवरची उचलून उघड्यावर नेता येते. पण दर मुक्कामाला हाताने फिरवत बसा. ऑर्लिनने तिपाईवरची ठरवली. यंत्राने दिशा शोधायची आणि आपण बघत बसायचं, हे त्याला पटणं शक्यच नव्हतं.

खरा प्रश्न कंपनीचा होता. कंपन्या दोन. एकीची डिश गोल, दुसरीची लांबट, त्यामुळे पार्कात सगळे त्यांना गोलवाले आणि लांबटवाले म्हणायचे.

“हे बघ,” एलरॉय बशीवर चमचा ठेवून दाखवायचा, “उपग्रहातून झोत पडतो. गोलवाल्यांनी तुमच्याकडचं चॅनेल मोठ्या झोतात टाकलंय. तो अख्ख्या देशावर पडतो, इथेसुद्धा. लांबटवाल्यांनी ते छोट्या झोतात टाकलंय. तो नेब्रास्काच्या वरच्या टोकाला संपला. त्याच्या खाली आलास की तुमचं चॅनेल गायब. पण त्यांचा एक फॉर्म आहे, गाडीत राहणाऱ्यांसाठी. आमचं घर म्हणजे ही गाडीच, दुसरं घर नाही, असं लिहून सही करायची. मग ते न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसची चॅनेलं देतात.”

“फुटबॉल?” ऑर्लिनने विचारलं.

“दोन्हीकडे.”

“वाऱ्यात कुठली टिकते?”

“वाऱ्यात दोन्ही पडतात. खाली पाण्याचा कॅन टांगायचा.”

“आणि त्या गोलवाल्यांचा झोत… तो इथे नक्की पडतो?”

हे त्याने तीन दिवसांत चार वेळा विचारलं. मी मोजत होते. आतल्या आत मला हसू येत होतं. घेतोय गोल, म्हटलं. घोडं गंगेत न्हालं.

तिसऱ्या दिवशी टेबलाशी सात-आठ जण होते. मी जेलीचं सॅलड घेऊन गेले होते, किसलेल्या गाजराचं. एलरॉयला त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे. मनाने चांगला माणूस; पण माँटानावाल्यांच्या तोंडाला दार नसतं. तो ऑर्लिनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “अरे बाबा, किती विचार करशील? गोल घे आणि मोकळा हो! रोज संध्याकाळी पोरगी दिसेल तुला. तेच हवंय ना?”

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, मायेचंच होतं. पण ऑर्लिनची मान कॉलरपासून कानापर्यंत लाल झाली. मी त्या माणसाबरोबर बेचाळीस वर्षं काढली आहेत. ती मान लाल झाली की पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं.

“मला हवामान लागतं,” तो म्हणाला. “आणि इथलं हवामान मला खिडकीतून दिसतं. दुसरी दे. तो फॉर्म कुठे आहे?”

एलरॉयने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी फक्त म्हणायचं होतं, ‘ऑर्लिन, मला तिला बघायचंय.’ पाच शब्दही नाहीत. पण आमच्याकडे मनातलं असं चारचौघांत काढत नाहीत. आणि नंतर गाडीत गेल्यावर ते चारचौघांत काढलं नाही म्हणून तिथेही काढत नाहीत. मी म्हणाले, “सॅलड कुणाला वाढू?”

आजही त्या सॅलडचा मला संताप येतो.

ऑर्लिनने सही केली. नॉर्थ डाकोटात आमचं घर नाही, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गाडीत न्यूयॉर्कचं हवामान यायला लागलं. दुपारी चारला, कारण तिकडे तेव्हा सहा वाजतात. तो बघायचा. न्यूयॉर्कला पाऊस, न्यूयॉर्कला धुकं. एकदाही ‘हं’ म्हणाला नाही. आणि आमच्या गावाकडच्या बातम्यांची वेळ झाली की काठी घेऊन फिरायला जायचा, नेमका अर्धा तास.

रिनेला मी दर रविवारी फोन करायचे, पार्कातल्या धुलाईघरातून, ऑर्लिन चर्चच्या कॉफीला थांबला की. पहिल्याच रविवारी तिने विचारलं, “मॉम, तिकडे आमचं चॅनेल दिसतं?”

आता काय सांगायचं होतं मी? तुझ्या बापाला निवडायला मिळालं होतं आणि त्याने तुला निवडलं नाही? मी म्हणाले, “दिसतं ना! रोज बघतो आम्ही.”

“डॅडसुद्धा?”

“तो तर हलत नाही समोरून.”

“बरं,” ती म्हणाली. आवाज इतका हलका झाला होता की मला वाटलं, आर्लिस, खोटं बोललीस पण पुण्य केलंस. मग दर रविवारी तेच. दिसतं ना, छान दिसतेस, तो निळा कोट घाल, शोभतो तुला. नाताळच्या सुमारास ती एकदा म्हणाली, “मॉम, मी कशी दिसते? खरं सांग.” मी म्हणाले, “नेहमीसारखी गोड.” “बरं,” ती पुन्हा म्हणाली. त्याही ‘बरं’चा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला.

फेब्रुवारीत तिथे राज्याराज्यांच्या सहली असतात. ज्या त्या राज्याच्या लोकांनी एका दुपारी जमायचं, आपापलं खायला आणायचं, आपली थंडी किती भयंकर यावर फुशारक्या मारायच्या. आमच्या नॉर्थ डाकोटावाल्यांची सहल मंगळवारी होती. बटाट्याच्या लेफ्से पोळ्या लोणी-साखर लावून गुंडाळत मी टेबलाशी उभी होते. तेवढ्यात व्हर्डेल आली. व्हर्डेल आमच्या जुन्या चर्चमधली, बहिणीला भेटायला दोन दिवसांपूर्वी विमानाने आलेली. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“तुमची रिने म्हणजे धीराची हो पोर,” ती म्हणाली. “शुक्रवारीच पाहिलं मी तिला. त्या टोपीत किती गोड दिसते!”

“कसल्या टोपीत?”

“निळ्या. आमच्या मंडळानेच विणलेली आहे ती. आम्ही सगळ्याजणी विणतोय तिच्यासाठी, तेवढाच आपला हातभार. रोज वेगळी घालून येते बिचारी टीव्हीवर…” आणि मग तिला माझा चेहरा दिसला. “आर्लिस. तू बघतेस ना ते?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“अगं, नोव्हेंबरपासून,” ती कुजबुजली. “पोटात गाठ. केस गेले ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं, हसत. आम्हाला वाटलं, तुम्हाला… आई-बापांना कसं नसेल माहीत!”

सगळ्या डाकोटाने पाहिलं होतं. धान्यकोठीवरच्या व्हर्जिलने, टपालवालीने, ज्यांना तिचं नावही धड लिहिता येत नाही अशांनी. माझ्या पोरीचे केस गळताना अख्ख्या राज्याने पाहिले, आणि मी वाळवंटात न्यूयॉर्कचं धुकं बघत बसले होते. कुणी पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही. मी त्यांना दोष देत नाही. आमच्याकडे कुणाच्या दुखण्याविषयी आपणहून बोलत नाहीत. त्याऐवजी टोप्या विणतात.

मी तशीच धुलाईघरात गेले आणि फोन लावला.

“मॉम? आज मंगळवार आहे,” ती म्हणाली.

“रिने, तुला काय झालंय?”

ती हसली. “म्हणजे? तीन महिने बघताय की. मला वाटलं, तुम्हाला त्यावर बोलायचं नसेल. मी विचारलं होतं तुला कशी दिसते, तू म्हणालीस नेहमीसारखी. मी म्हटलं, ठीक आहे. आपल्याकडे असंच असतं.” मग म्हणाली, “डॅडनी बघून एक फोन केला असता तर बरं वाटलं असतं, एवढंच. ते बघतायत म्हणून तर मी रोज जात होते गं कामावर. अंगात त्राण नसताना.”

दोन यंत्रं गरगरत होती. एकात आमच्या चादरी होत्या. खोटं तसंच ठेवलं तर बापाने लेकीला टक्कल पडताना पाहून तोंड फिरवलं असं ठरत होतं. खरं सांगितलं तर त्याने पाहिलंच नव्हतं. मी खरं सांगितलं. झोत, गोल, लांबट, फॉर्म, सगळं. सॅलडसुद्धा.

“म्हणजे ब्रेडाल मी कुणालाच सांगत नव्हते,” ती म्हणाली.

“बाळा…”

“नाही, ठीक आहे. रडू नकोस मॉम, प्लीज. ऐक. शुक्रवारी माझा शेवटचा दिवस आहे. सोमवारी सकाळी ऑपरेशन. त्यानंतर किती दिवस लागतील माहीत नाही. शुक्रवारी जमलं तर बघा.”

ऑर्लिन सहलीच्या टेबलाशी नाल फेकण्याचा खेळ बघत उभा होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. चारचौघांत सांगितलं म्हणायलाही हरकत नाही, कारण माझा आवाज खाली येतच नव्हता. त्याची मान लाल झाली नाही. पांढरी झाली. तो गाडीकडे गेला आणि पाण्याचा पाइप सोडायला लागला. तासाभरात आम्ही रस्त्याला लागलो.

तीन दिवस तो गाडी चालवत होता. न्यू मेक्सिको, कोलोरॅडो. जेवायला थांबायचं नाही, मी मांडीवर सँडविच करायचे. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर त्याने लांबटवाल्यांना फोन लावला. गावाकडचं चॅनेल परत हवं तर गावाकडचा पत्ता द्यावा लागतो.

“पत्ता सांगा,” पलीकडची मुलगी म्हणाली असावी.

ऑर्लिनने आमच्या शेताचा पत्ता सांगितला. विकलेल्या शेताचा.

“हो,” तो म्हणाला, “तिथेच राहतो आम्ही. कायमचे.”

शुक्रवारी दुपारी चारला आम्ही नेब्रास्काच्या उत्तर टोकाला पोचलो, आणि तिथे रस्ता बंद. बर्फ नवं पडत नव्हतं, पण वारा पडलेलंच उचलून फेकत होता आणि सरकारने हमरस्त्यावर फाटक लावलं होतं. हिवाळ्यासाठी बंद केलेल्या एका कॅम्पच्या आवारात आम्ही गाडी घातली. ऑर्लिन पुढच्या सीटवर बसून हळू आवाजात फोनवर काहीतरी बोलला. मला वाटलं रस्त्याची चौकशी करतोय.

मग तो डिश घेऊन खाली उतरला. जमीन दगडासारखी गोठलेली, खिळे शिरेनात. वजनाला टांगायचा पाण्याचा कॅन मी निघायच्या घाईत ॲरिझोनातच विसरले होते. तिपाई उभी केली की वारा आडवी करायचा. तिसऱ्यांदा पडली तेव्हा एक पाय वाकला. पावणेसहा झाले होते.

“हातातच धरतो!” तो बाहेरून ओरडला. “तू आकडा सांग!”

टीव्हीच्या पडद्यावर सिग्नलचा आकडा येतो. मी खिडकी बोटभर उघडली. “शून्य… शून्य… बारा! मागे ये! तीस! ऑर्लिन, बासष्ट! हलू नकोस!”

चित्र लागलं. चौकोन चौकोन होऊन आधी, आणि मग स्वच्छ. आमचं चॅनेल. त्या झोताच्या अगदी काठावर आम्ही उभे होतो; मैलभर अलीकडे असतो तर काही दिसलं नसतं.

“आत ये,” मी म्हणाले, “मी धरते.”

“तुला नाही पेलायची. वारा बघ.”

खरंच नसती पेलली. माझ्याने त्या वाऱ्यात उभंही राहवलं नसतं. तो डिश छातीशी धरून गाडीला पाठ लावून उभा होता, तोंड दक्षिणेकडे. त्याला खिडकीच्या काचेतून माझा आवाज येत होता. पडदा दिसत नव्हता.

सहा वाजून सतरा मिनिटांनी रिने आली.

“कशी दिसते?” बाहेरून आवाज आला.

तीन महिने मी ‘छान’ म्हणत आले होते. “बारीक झालीय,” मी ओरडून सांगितलं. “खूप बारीक. कोट लोंबतोय अंगावर. भुवया नाहीत. टोपी निळी आहे. उभी मात्र ताठ आहे, ऑर्लिन. हसतेय.”

ती एकेक गाव सांगत गेली आणि मी तिच्या मागून एकेक गाव खिडकीतून बाहेर ओरडत गेले. मग ती थांबली. हातातल्या कागदाकडे पाहत राहिली, इतका वेळ की टीव्हीवर कुणी तेवढं थांबत नाही.

“आज एक नोंद आपल्या नकाशाबाहेरून आली आहे,” ती म्हणाली. “चार वर्षांनी. निरीक्षक क्रमांक एक्केचाळीस. नेब्रास्का. शून्याखाली चार, वारा वायव्येचा, ताशी पस्तीस मैल.”

“ऑर्लिन! तुझा नंबर! तुझा नंबर वाचला तिने!”

डिश हलली असावी, कारण चित्र फुटलं. एक-दोन शब्द गेले. मग पुन्हा लागलं. ती थेट समोर बघत होती.

“…फार थंडी आहे तिथे,” ती म्हणत होती. “एक्केचाळीस, आता आत जा. ऊब घ्या.”

“ती म्हणतेय आत ये!” मी रडत ओरडले. “ऑर्लिन, ती तुला आत यायला सांगतेय!”

“संपलं का तिचं?”

“नाही अजून!”

“मग कसा येऊ?” तो म्हणाला.

“आणि ब्रेडाल,” रिने म्हणाली, “शून्याखाली एकवीस.”

मी ते बाहेर सांगितलं. वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही, पण खिडकीला कान लावला होता म्हणून सांगते, तो म्हणाला, “हं.”

तो आत आला तेव्हा त्याची बोटं सुटत नव्हती. मी एकेक सोडवली. फोन लावून देऊ का म्हणून विचारलं. “नको,” तो म्हणाला. “फोनवर काय बोलायचं? समोरच बोलतो.” शनिवारी मी तिच्याशी बोलले तेव्हाही फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हातानेच नको म्हटलं. “रस्ता उघडू दे. चार वर्षांचं आहे. समोर बसून बोलतो.”

“असू दे मॉम,” ती म्हणाली. “काल ते बोललेत माझ्याशी.”

रस्ता रविवारी संध्याकाळी उघडला. सोमवारी सकाळी अकराला आम्ही हॉस्पिटलात पोचलो. सातलाच तिला आत नेलं होतं. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही. दोन दिवस ऑर्लिन तिच्या पलंगाशी समोर बसून होता, ठरवल्याप्रमाणे, आणि बोलत होता. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. दूधघर, बादली, कुठल्या वर्षी किती बर्फ पडलं. एवढं मी त्याला बेचाळीस वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं. बुधवारी दुपारी ती गेली.

चर्चच्या बायकांनी उरलेल्या टोप्या पिशवीत घालून मला दिल्या. एकोणीस होत्या. गाडीत माझ्या पलंगाखाली आहेत.

पुढच्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा वाळवंटात उतरलो. जाणार कुठे? त्या वाऱ्याने पाय वाकवलेल्या डिशचं काही होण्यासारखं नव्हतं. एलरॉयच्या छत्रीखाली तीच माणसं बसली होती. आम्ही येताना दिसल्यावर बोलणं थांबलं. एलरॉयने या वेळी बशी नाही, चमचा नाही, काही काढलं नाही. बिचारा आपल्या कपात बघत राहिला.

ऑर्लिन खुर्चीवर बसलासुद्धा नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“गोल दे,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “माझ्या मुलीचं चॅनेल ज्यात येतं, ती.”

एलरॉय उठला आणि फॉर्म आणायला गेला. आता सहा वाजता तिथे एक नवा मुलगा हवामान सांगतो. शेवटी ब्रेडाल सांगतो; तिने लिहून ठेवलं होतं म्हणे. ऑर्लिन समोर बसतो, आवाज मोठा करतो, आणि ब्रेडाल झालं की टीव्ही बंद करायला उठतो. ‘हं’ आता मी म्हणते, कारण कुणीतरी म्हणायला हवं.